पाच टक्क्यांनी नापास

‘तू तर एकदम फिट दिसतेस गं!’ या कॉम्प्लिमेंटला माझी एक मैत्रीण हल्ली जाम घाबरते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. महिना-महिना मॅडम टकाटक आणि मग एखाद्या सकाळी पायच उचलत नाही, नाहीतर एका डोळ्यासमोर धुकं. दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात २१ आहेत आणि त्यात हा आजारही आहे. म्हणून तिने सर्टिफिकेटसाठी अर्ज केला.

तपासणीचा दिवस नेमका चांगला निघाला. नीट इस्त्रीचा ड्रेस, लिपस्टिक, आणि डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर सवयीने ‘मस्त!’ निकाल : ३५ टक्के. सरकारी नोकरीतलं आरक्षण असो की जुन्या करप्रणालीतली ७५ हजारांची वजावट, किमान ४० लागतात. आयुष्यभर फर्स्ट क्लास मिळवणारी पोरगी पाच टक्क्यांनी नापास!

आई म्हणाली, ‘जाऊ दे ना. उद्या लग्न जमवताना तेच बरं.’ त्या रात्री ती मला फोन करून रडली. टक्क्यांसाठी नाही, त्या वाक्यासाठी.

पण मग उठली. तर मंडळी, तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर ऐका. या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस. राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा. त्यात थोडक्यात पार्श्वभूमी, अपिलाची कारणं आणि सोबत सर्टिफिकेटची किंवा नकाराच्या पत्राची प्रत. तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळते. नुसतं ‘अन्याय झाला हो’ लिहून भागत नाही, कागद बोलले पाहिजेत. तिने एमआरआय, न्यूरोलॉजिस्टचं पत्र आणि ऑफिसच्या रजांचा वर्षभराचा हिशेब जोडला. शिवाय एक साधी डायरी : कुठल्या तारखेला जिना चढता आला नाही, कधी हातातून कप पडला.

डायरी तिने आधी आईला वाचायला दिली. आईने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, ‘सुनावणीला मी येते.’

मागच्या आठवड्यात दोघी गेल्या होत्या. निकाल यायचाय. लिपस्टिक तिने याही वेळी लावली होती. फक्त ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर ‘मस्त’ म्हणाली नाही.