फुले फुलली, मजुरी बुडाली

फुलांच्या बागेला सार्वजनिक तिजोरीतून आपत्कालीन मदत द्यावी काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. दवाखान्यात औषध नाही, शाळेला छप्पर नाही, आणि नगरपालिकेने फुलांसाठी पैसा खर्च करावयाचा, हा श्रीमंती थाट कोणाच्या उपयोगाचा, असा प्रतिप्रश्न सहज केला जाईल. हा प्रतिप्रश्न वरवर पाहता कष्टकऱ्यांच्या बाजूचा वाटतो. वस्तुतः त्यात त्या बागेत राबणाऱ्या कष्टकऱ्याचाच विसर पडलेला असतो. फूल ज्याला केवळ पहावयाचे असते त्याच्या दृष्टीने ते चैन असेल. ज्याला कंद लावावयाचा, पाणी द्यावयाचे, तण काढावयाचे आणि फाटकाशी उभे राहून तिकीट फाडावयाचे असते, त्याच्या दृष्टीने ते वर्षाचे धान्य आहे. म्हणून मदत द्यावी की देऊ नये एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. ती कोणाच्या हाती पडते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा उलगडा २०२०च्या वसंत ऋतूत जितका स्पष्ट झाला तितका पूर्वी कधी झाला नव्हता. नेदरलंड्समध्ये हार्लेम व लायडन या शहरांच्या दरम्यान फुलांच्या कंदांचा प्रसिद्ध प्रदेश आहे. त्यातील लिसे या गावी कॉयकेनहॉफ ही बाग आहे. १९४९ साली तेथील तत्कालीन महापौर आणि काही कंद-उत्पादक व निर्यातदार यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली व १९५० मध्ये लोकांना खुली झाली. ३२ हेक्टरांच्या या बागेत दर शरदात सुमारे ७० लक्ष कंद हातांनी लावले जातात. बाग उघडी असते वर्षातून केवळ आठ आठवडे. परंतु तेवढ्या काळात २०१९ साली सुमारे १५ लक्ष प्रेक्षक तेथे येऊन गेले. लावले जाणारे कंद सुमारे शंभर उत्पादक विनामूल्य पुरवितात. हे औदार्य नव्हे. व्यापारी शेतातील ट्यूलिपचे फूल उमलले की ते खुडून टाकतात, कारण फूल खुडले म्हणजे जमिनीखालचा कंद पोसतो, आणि बाजारात विकावयाचा माल कंद हाच असतो. ज्या फुलाकडे जग डोळे विस्फारून पाहते ते या धंद्यात एका अर्थी जाहिरातीचे काम करते, आणि कॉयकेनहॉफ ही त्या धंद्याची शोभिवंत पेढी आहे.

अशा हंगामी आकर्षणाचे अर्थकारण नीट समजून घेतले पाहिजे. त्याचा खर्च वर्षभराचा असतो, प्राप्ती मात्र काही आठवड्यांची. शरदात कंद जमिनीत गेला की खर्चाचा मोठा भाग होऊन चुकलेला असतो. वसंतात दार उघडले नाही तर तो खर्च परत घेता येत नाही, आणि फुलांना पुढील महिन्यापर्यंत थांबण्यास सांगता येत नाही. कापडाच्या गिरणीत न विकलेला माल गुदामात राहतो. येथे माल वाफ्यातच कोमेजतो. मार्च २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे डच सरकारने सार्वजनिक समारंभांवर बंदी घातली आणि कॉयकेनहॉफच्या इतिहासात प्रथमच एक संपूर्ण मोसम प्रेक्षकांविना गेला. सत्तर लक्ष कंद ठरल्याप्रमाणे फुलले. आल्समेरच्या प्रचंड लिलाव-बाजारात त्याच सुमारास न विकलेली फुले ढिगांनी नष्ट करण्यात आली.

त्यावर डच राज्ययंत्रणेने काय केले? प्रथम हे मान्य केले पाहिजे की तिने हालचाल त्वरेने केली. एप्रिल २०२० मध्ये फुलबागायतीसह फलोद्यान क्षेत्रासाठी ६० कोटी युरोंची तरतूद जाहीर झाली. उत्पादकाने नुकसानीचा पहिला ३० टक्के भाग स्वतः सोसावा आणि उरलेल्या नुकसानीचा ७० टक्के भाग सरकारने भरून द्यावा, असा तिचा मूळ हिशेब होता. याखेरीज ज्या मालकाची उलाढाल किमान २० टक्क्यांनी घटली त्याला वेतनखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी सर्वसाधारण योजना होती. आणि जे स्वतःच्या कष्टावर छोटा धंदा चालवितात त्यांच्यासाठी एक तिसरी योजना नगरपालिकांमार्फत राबविली गेली. त्या वर्षी त्या देशात ३५५ नगरपालिका होत्या. त्यांनी छोट्या व्यावसायिकाचे उत्पन्न निर्वाहाच्या किमान पातळीपर्यंत पुरे करून दिले आणि खेळत्या भांडवलासाठी १०,१५७ युरोंपर्यंत कर्जाची सोय केली.

या तीन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे मदतीची पायरी कशी उतरत जाते ते दिसेल. मोठ्या मालकाला त्याच्या उलाढालीच्या प्रमाणात; उत्पादकाला त्याच्या नुकसानीच्या प्रमाणात; छोट्या व्यावसायिकाला जेमतेम पोटापुरते, आणि तेही जून २०२० पासून घरातील जोडीदाराचे उत्पन्न तपासून. मोठ्या कंपनीच्या संचालकाच्या घरात कोण किती मिळविते, हे विचारण्याची गरज मात्र कोणास भासली नाही. ॲमस्टरडॅम येथील बुकिंग डॉट कॉम या प्रवासी आरक्षणाच्या कंपनीने वेतन अनुदानापोटी सुमारे साडेसहा कोटी युरो घेतले आणि कामगारकपातही केली. २०२१ मध्ये तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळालेल्या कोट्यवधींच्या बक्षिसाची बातमी बाहेर आली, आणि लोकांच्या संतापानंतरच ती रक्कम परत करण्याचे तिने कबूल केले. लोकमताचा रेटा नसता तर हा पैसा तेथेच जिरला असता.

या पायरीच्या खाली आणखी एक थर होता. डच फुलशेतीचे, कंदशेतीचे आणि काचगृहांचे काम फार मोठ्या प्रमाणावर पोलंड, रुमानिया, बल्गेरिया इत्यादी देशांतून आलेले हंगामी मजूर करतात. त्यांतील पुष्कळांना मजूर पुरविणाऱ्या दलाल कंपन्या नेमतात. काम, राहण्याची खोली आणि आजारपणाचा विमा हे तिन्ही एकाच दलालाच्या हाती असते. काम सुटले की खोली सुटते, विमाही सुटतो. वेतन अनुदान घेणाऱ्या मालकाने कामगारांना कमी करू नये अशी अट होती खरी; परंतु ज्याचा करार आठवड्याआठवड्याला नवा करावा लागतो त्याला कमी करावेच लागत नाही; नवा करार दिला नाही की काम भागते. समाजवादी पक्षाचे माजी नेते एमिल रूमर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेल्या गटाने ऑक्टोबर २०२० मध्ये अहवाल दिला. ‘दुय्यम दर्जाचे नागरिक नकोत’ अशा अर्थाचे शीर्षक त्याला होते. नोकरीचा करार आणि राहत्या जागेचा करार वेगळे करा, दलाल कंपन्यांवर प्रमाणपत्राचे बंधन घाला, मजुरांची नीट नोंद ठेवा, या त्याच्या मुख्य शिफारशी होत्या. सधन युरोपातील एका अतिप्रगत देशाला आपल्या बागा कोणाच्या हातांनी फुलतात याची नोंदसुद्धा धड ठेवता आली नव्हती, हे या अहवालाने उघड केले.

हे सर्व दूरदेशीचे असे समजण्याचे कारण नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवरासमोर जी ट्यूलिपची बाग आहे तिचे कंद हॉलंडहूनच येतात. ती सरकारच्या पुष्पोत्पादन खात्याची आहे आणि मार्चअखेरीपासून सुमारे महिनाभर खुली असते. ऑगस्ट २०१९ पासून काश्मीर खोऱ्यातील व्यवहार ठप्प होते. त्यातून लोक डोके वर काढीत असतानाच २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी आली. त्या वर्षीही दहा लक्षांहून अधिक ट्यूलिप फुलले. पाहावयास कोणी आले नाही. शिकारा वल्हविणारे, टॅक्सीवाले, फाटकाबाहेर कहवा व सुका मेवा विकणारे, या सर्वांचा मोसम त्या फुलांबरोबर जमिनीवर गळून पडला.

पुन्हा २०२५ साली, बागेचा मोसम सरत असताना, २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात २६ निरपराध माणसांची निर्घृण हत्या झाली. त्यांत पर्यटकांबरोबर एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर पर्यटक परतले, प्रशासनाने ४८ पर्यटनस्थळे बंद केली, आणि त्यांतील काही जूननंतर उघडली. सुरक्षिततेसाठी दारे बंद करावी लागली असतील, त्याबद्दल वाद नाही. पण दार बंद करण्याचा हुकूम ज्या दिवशी निघतो त्याच दिवशी त्या दारावर जगणाऱ्यांच्या निर्वाहाचा हुकूमही निघाला पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे.

आपल्याकडील आपत्ती निवारणाचे निकष येथे अपुरे पडतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय निकषांनुसार नैसर्गिक आपत्तीत पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाले तर दोन हेक्टरांच्या मर्यादेत कोरडवाहू जमिनीसाठी हेक्टरी ८,५०० रुपये आणि ओलिताखालील जमिनीसाठी हेक्टरी १७,००० रुपये मदत मिळते. रक्कम अपुरी आहे, हा एक भाग. त्याहून महत्त्वाचे हे की येथे नुकसान म्हणजे पिकाचे मरण, असे गृहीत धरले आहे. ज्या वर्षी पीक उत्तम येते पण बाजार वा बाग बंद असते, त्या वर्षी पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला नुकसान दिसतच नाही. २०२० साली देवळे, लग्नकार्ये आणि बाजार बंद झाल्यामुळे झेंडू, शेवंती, गुलाब यांच्या उभ्या पिकांवर अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने नांगर फिरविला. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्या फुले तोडणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. संकट सर्वांवर येते, परंतु मदत ज्याची मालमत्ता कागदावर दिसते त्याच्याकडे वाहत जाते. ज्याच्याजवळ केवळ दोन हात आहेत त्याच्या नुकसानीची वही कोणी ठेवीत नाही. ही वही ठेवू शकेल अशी संस्था एकच आहे आणि ती म्हणजे ग्रामपंचायत वा नगरपालिका. राजधानीतल्या सचिवाला उलाढालीचे आकडे कळतात. कोणत्या वाफ्यात कोण राबत होते हे गावालाच ठाऊक असते. म्हणूनच स्थानिक संस्थांच्या हाती आपत्कालीन निधी असला पाहिजे, आणि तो कसा वाटावा याबद्दल आपली भूमिका पक्की असली पाहिजे.

पहिली गोष्ट, मजुरी आधी. बाग सरकारी असो, सहकारी असो वा खासगी, मदतीतील पहिला रुपया माळी, मजूर, रखवालदार व तिकीट खिडकीवरील कामगार यांच्या बुडालेल्या रोजाला गेला पाहिजे; रोजंदारी व कंत्राटी कामगार त्यातून वगळता कामा नयेत. दुसरी, मोसम सुरू होण्यापूर्वीच बागेवर व बागेभोवती जगणाऱ्या सर्वांची नोंद स्थानिक संस्थेने करावी. संकट आल्यावर याद्या करू लागले की त्यांत वशिल्याची नावे शिरतात. तिसरी, खासगी मालकाला मदत द्यावयाची तर त्याने हिशेबाच्या वह्या उघडाव्यात. त्याला द्यावयाचे ते कर्जाऊ द्यावे आणि चांगल्या वर्षी वसूल करावे. तोटा जनतेचा आणि नफा मालकाचा हा व्यवहार आपण मान्य करू शकत नाही. चौथी, भरभराटीच्या वर्षी तिकिटाच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा राखीव निधीत टाकावा. वर्षाचा खर्च काही आठवड्यांत वसूल करणाऱ्या व्यवसायात एखादा मोसम कधीतरी बुडणार, हे आधीच ठाऊक असते. ज्याची चाहूल असते त्याची तरतूद न करणे हा निष्काळजीपणा आहे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, मदतीची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि चावडीवर लावली जावी. केरळात १९९६ साली सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेने राज्याच्या योजना खर्चाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला आणि लाभार्थी निवडताना निकष जाहीर करून ग्रामसभेपुढे ठेवण्याची पद्धत घालून दिली. त्या पद्धतीतही उणिवा राहिल्या असतील. पण चारचौघांत वाचलेल्या यादीत खोटे नाव घुसविणे बंद खोलीतल्यापेक्षा अवघड असते, हा तिचा धडा कायमचा आहे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. गिरणी, गोदी, रेल्वे येथील कामगारांच्या मागण्या आपण जिव्हाळ्याने मांडल्या. उद्याने, पर्यटनस्थळे, फुलशेती येथील हंगामी मजुरांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले. हे काम किरकोळ, हे लोक विखुरलेले, मोसम संपला की पांगणारे, अशी आपली समजूत झाली. परंतु असंघटित म्हणून ज्यांना सोडून दिले तेच पुढील संकटात प्रथम उघड्यावर पडतात. आपले जे सभासद पंचायतींत व नगरपालिकांत निवडून आले आहेत त्यांनी येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या हद्दीतील अशा प्रत्येक बागेबद्दल दोन साधे प्रश्न विचारावेत: येथे काम कोण करते, आणि दार बंद झाले तर ते काय खातील? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे दप्तरी नोंदली गेली तरी कामाचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.

पुढच्या मोसमातही फुले वेळेवर फुलतील; त्यांना ना साथ कळते, ना हुकूम. ती फुलविणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटेल की नाही, हे मात्र पंचायतीच्या अंदाजपत्रकातील तरतुदीवर ठरेल. ती तरतूद मंजूर करून घेणे हे आपले काम आहे.