चुकायला हक्काची जागा
मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले २००० साली. धडे वाचून झाले, शब्दार्थ पाठ झाले. मुले बोलती मात्र झाली नाहीत. चुकले की वर्ग हसतो, ही धास्ती मोठी. इथे मोबाइल खरोखर कामाला येतो. गूगलचे २०१९चे ‘बोलो’ ॲप, ज्याचे नाव पुढे ‘रीड अलाँग’ झाले, मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते, तेही इंटरनेटशिवाय. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतला ओठांचा फरक दहादा चुकला तरी कोणी हसत नाही. पण वाचणे म्हणजे बोलणे नव्हे. ‘काल कुठे होतास?’ असे इंग्रजीत विचारून उत्तरासाठी थांबणारे माणूस लागतेच. शाळांना टॅब जरूर द्या. सोबत वेळापत्रकात रोजची दहा मिनिटे निव्वळ बोलण्यासाठी राखा आणि त्या बोलण्याला गुण देऊ नका.