यंत्रासाठीं निराळी पोथी कशाला?

चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरविषयीं हल्लीं एक मत मोठ्या आत्मविश्वासानें मांडण्यांत येतें. तें असें कीं, हीं साधनें यापुढें मनुष्यापेक्षां कृत्रिम बुद्धीचे एजंटच अधिक चालविणार. एजंटास चित्रें आणि खुणा दाखवून उपयोग थोडा, त्यास मजकूर लागतो. सबब प्रत्येक साधनाची माहिती त्याच्यासाठीं निराळी, त्रोटक लिहावी, आणि ती मनुष्याच्या वाचण्यांत आली नाहीं तरी हरकत नाहीं. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टींवर आम्ही हुज्जत घालूं इच्छीत नाहीं. तिसरी मात्र आम्हांस सर्वस्वीं चुकीची वाटते, आणि ती कां चुकीची हें आम्ही अनुभवानें शिकलों आहों.

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचें मुखपृष्ठ एका विद्यार्थ्यानें मोठ्या हौसेनें रचलें. फाइल छापखान्याकडे धाडण्यापूर्वीं त्यानें एजंटास एवढेंच सांगितलें कीं, ही छपाईस योग्य करून ठेव. एजंटानें साधनांची यादी चाळली, अक्षरांचें रेषाकृतींत रूपांतर करणारें एक साधन उचललें, आणि तीच फाइल त्याच नांवानें जतन केली. हें पाऊल अगदींच निराधार नव्हतें. छापखान्यांत आपला फाँट नसला तर देवनागरीचीं जोडाक्षरें फुटतात, म्हणून पुष्कळ लोक असें करतात. परंतु दुसऱ्या दिवशीं एका कवयित्रीच्या नांवांतली वेलांटी चुकल्याचें ध्यानांत आलें, आणि ती दुरुस्त करावयास जातां फाइलींत अक्षर म्हणून कांहीं उरलेंच नव्हतें! होत्या त्या केवळ अक्षरांच्या आकाराच्या रेषा. सारें मुखपृष्ठ पुनः जुळवावें लागलें.

त्या साधनाचें एजंटास दिलेलें वर्णन मागाहून आम्हीं मागवून पाहिलें. तें एका ओळीचें होतें: निवडलेल्या मजकुराचें रेषाकृतींत रूपांतर करतें. त्यांत असत्य कांहींच नाहीं. पण रूपांतरानंतर तो मजकूर मजकूर म्हणून सुधारतां येत नाहीं, म्हणून आधीं प्रत काढून ठेवावी, हें त्यांत कोठें आहे? पडद्यासमोर बसलेल्या मनुष्यास हें सांगावें लागत नाहीं. अक्षरांच्या कडांवर बिंदु उमटलेले त्यास दिसतात, शब्दांत कर्सर शिरत नाहीं, तो दचकतो आणि मागें फिरतो. एजंटाजवळ असला दचका नाहीं. त्याच्याजवळ ती एक ओळ आहे. बोलणीं मात्र विद्यार्थ्यानें खाल्लीं. ती ओळ त्यानें वाचली नव्हती, कारण ती त्याच्यासाठीं लिहिलेलीच नव्हती.

येथें कोणी म्हणेल कीं, यावर उपाय निघालेला आहे. अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'ला, म्हणजे एजंट व साधनें यांच्यामधील बोलण्याच्या नियमावलीला, मार्च २०२५ च्या आवृत्तींत कांहीं खुणा जोडण्यांत आल्या: साधन केवळ वाचतें कीं बदल करतें, तो बदल विध्वंसक असूं शकतो कीं नाहीं, तेंच काम पुनः केल्यास आणखी परिणाम होतो कीं नाहीं. बदल करणाऱ्या साधनावर विध्वंसाविषयींची खूण केलेलीच नसेल तर तें विध्वंसक असूं शकतें असेंच धरावें, हा नियम शहाणपणाचा आहे. पण या साऱ्या खुणा हो-नाहींच्या. विध्वंस कशाचा, तो परत फिरवितां येतो काय, हें सांगावयास वाक्यच लागतें. शिवाय तीच नियमावली बजावते कीं, ज्या सर्व्हरवर विश्वास नाहीं त्याच्या या खुणांवरही विश्वास ठेवूं नये.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. साधनाचें वर्णन एजंटाच्या पुढ्यांत पडतें तेव्हां तें नुसती माहिती राहत नाहीं. एजंट त्यास आज्ञा मानूं शकतो. वर्णनाच्या पोटांत दडविलेल्या सूचना, वापरणाऱ्याच्या पडद्यावर न दिसतां, एजंट निमूटपणें पाळूं शकतो, हें सुरक्षेच्या अभ्यासकांनीं एप्रिल २०२५ मध्यें दाखवून दिलें. आपल्या मुखत्यारास कोण काय सांगतें हें मालकास कळूं नये, असा मुखत्यारनामा कोणता शहाणा मनुष्य करून देईल?

त्रोटकपणाच्या पुरस्कर्त्यांची एक अडचण खरी आहे. मॉडेलाच्या पुढ्यांत एका वेळीं मावणारा मजकूर मर्यादित असतो, व तो जितका लांब तितका खर्च वाढतो. परंतु थोडक्यांत लिहिणें निराळें आणि आडोशाला लिहिणें निराळें. जेरेमी हॉवर्ड यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें सुचविलेली 'एलएलएम्स.टीएक्सटी' ही फाइल मॉडेलांसाठींच आहे, तरीही ती साध्या मजकुरांत असून मनुष्यासही वाचतां येते. फिग्माचें मार्गदर्शन घ्या: एजंटास रचना कळावी म्हणून थरांस 'ग्रुप ५' असलें नांव न ठेवतां त्यांचें काम सांगणारें नांव द्यावें, असें तें रचनाकारांस सांगतें. (शेजारच्या टेबलावरचा सहकारी हेंच किती वर्षें विनवीत होता! पण तो पडला मनुष्य.)

युनिक्सचें पहिलें मार्गदर्शक पुस्तक १९७१ सालचें. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं त्यांत आज्ञेचें काम सांगून झाल्यावर 'बग्ज' असा निराळा मथळा ठेवून तिचे दोष तेथेंच कबूल केले. चित्ररचनेच्या प्रत्येक साधनास असा मथळा हवा, आणि तो विद्यार्थ्यानें व एजंटानें एकाच पानावर वाचावा: हें साधन अक्षरें नाहींशीं करतें, आधीं प्रत ठेवा, शुद्धलेखन तपासल्यावांचून चालवूं नका. एवढें लिहावयास कागद किती लागतो?

यंदाचें मुखपृष्ठ त्याच विद्यार्थ्याकडे आहे. एजंटास द्यावयाच्या सूचनांच्या आरंभींच त्यानें हें वाक्य स्वतः लिहून ठेवलें आहे. साधनकर्त्यांच्या वर्णनांत मात्र अजून ती जुनी एकच ओळ आहे.