चढाईही हवी, पकडही हवी

अमेरिकेत 1987 साली बंदिस्त मैदानातले अमेरिकन फुटबॉल सुरू झाले. मैदान आखूड, एका बाजूला आठच गडी. त्यामुळे बहुतेकांना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागे. 2007 मध्ये हवे तेव्हा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली आणि हा दुहेरी गडी मागे पडला.

सातारा-सांगलीकरांना हे परके वाटू नये. आपली कबड्डीही मातीतून मॅटवर, छताखाली गेली. 2014 साली प्रो कबड्डी आली, तिने वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या काशिलिंग आडकेची चढाई घराघरांत पोहोचवली. त्याच वर्षी सांगलीचा नितीन मदने इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. अंतिम सामन्यात इराणला आपण 27-25 असे जेमतेम हरवले. त्याच संघातला मनजीत छिल्लर चढाईत गुण आणी आणि पकडीतही घोटा सोडत नसे.

आज मात्र शाळकरी पोरेही ‘मी फक्त रेडर’ म्हणून मोकळी होतात. संघात तीनच गडी उरले की खरी परीक्षा असते. तेव्हा केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात, आणि त्या तिघांत चढाईपटूही असू शकतो. त्याला मांडी धरता येत नसेल, तर लोण अटळच.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती : चौदा-पंधरा वर्षांपर्यंत मुलांवर शिक्का मारू नका. दोन्ही शिकवा, निवड नंतर होईल.