पंपावरचा भाव बघून गाव ठरवू नका

बदली झालीय, नवी नोकरी लागतेय, निवृत्तीनंतर मुंबईतली खोली विकून कोकणात जायचं मनात आहे, अशा घरांमध्ये बोलणं हमखास पेट्रोलवर येतं. ‘परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, तिथे कसं परवडणार?’ किंवा ‘गोव्यात लिटरमागे सहा-सात रुपये कमी, तिथेच बरं.’ पंपावरचा भाव मोठ्या आकड्यांत लिहिलेला असतो आणि येता-जाता दिसतो, म्हणून तो डोक्यात बसतो. घरभाड्याचा, पाण्याचा, दवाखान्याचा फलक कुठल्याही चौकात लावलेला नसतो. माझी विनंती एवढीच की गाव बदलायच्या आधी एका संध्याकाळी वही घेऊन बसा.

भाव वेगळे का, ते आधी बघू. केंद्राचं उत्पादन शुल्क देशभर सारखंच. फरक पडतो तो राज्याच्या व्हॅटमुळे आणि वाहतुकीमुळे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, पण पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो २६ टक्के होता, जुलै २०२४ पासून तिथेही २५ झाला. मनोहर पर्रीकरांनी २०१२ मध्ये गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. नंतर तो पुन्हा चढला, तरी आपल्यापेक्षा कमीच राहिला. परभणीचं दुखणं वेगळं. तिथलं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीहून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून टँकरने येतं. ते वाहतूकभाडं किमतीत धरलं जातं आणि टक्केवारीचा व्हॅट त्या भाड्यावरही लागतो. म्हणजे आधी लांब असल्याचा भुर्दंड, मग भुर्दंडावर कर. मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

याच्या शेजारी घरगुती सिलिंडर ठेवून बघा. त्यावर देशभर एकच ५ टक्के जीएसटी. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर दिल्लीत तो ८५३ रुपयांना होता, मुंबईत ८५२.५०, कोलकात्यात ८७९. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास फरक. त्याच वर्षी पेट्रोल दिल्लीत साधारण ९५ आणि मुंबईत १०३ रुपयांच्या पुढे होतं.

आता वही उघडा. समजा परभणीतला एक तरुण मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर फिरतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५६ किलोमीटर होतात. गाडीचं ॲव्हरेज ४५ असेल तर साडेतीन लिटर लागतं. लिटरला १०७ रुपये धरले तरी पावणेचारशेच्या आत भागतं. हाच तरुण पुण्यात वाघोलीला खोली घेऊन हिंजवडीत नोकरीला लागला, तर रोजचं अंतर सहज साठ किलोमीटर होतं. महिन्याला १,५६० किलोमीटर, जवळपास ३५ लिटर. १०४ च्या भावाने हे ३,६०० रुपयांच्या पुढे जातं, आणि सिग्नलला उभं राहून ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. स्वस्त पेट्रोलच्या गावात दहापट खर्च! शिवाय रोजचे तीनेक तास रस्त्यावर गेले, त्याचा हिशेब कोण देणार? म्हणून लिटरचा भाव विचारण्याआधी महिन्याला किती लिटर लागतील ते विचारा.

सीमेवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. बांद्याचे लोक पत्रादेवीला, कागलचे निपाणीकडे, नवापूरचे गुजरातेत जाऊन टाकी भरतात. कामाला जाताच आहात तर खुशाल भरा. पण मुद्दाम जायचं असेल तर जरा थांबा. पंधरा किलोमीटर जाऊन मोटारसायकलमध्ये पाच लिटर टाकलं, लिटरला सात रुपये वाचले, तर हाती आले पस्तीस रुपये. येण्याजाण्याच्या तीस किलोमीटरला जळलं साठ-पासष्ट रुपयांचं. (हे गणित मांडून दाखवलं की माणसं चिडतात, असा अनुभव आहे.) चारचाकीत ३५ लिटर भरलं तर वाचणाऱ्या अडीचशेतले दोनशे वाटेतच जातात. कर्नाटकातही जून २०२४ मध्ये कर वाढला आणि पेट्रोल तीन रुपयांनी चढलं, त्यामुळे निपाणीची मजा आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. आणि कृपा करून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून घरी साठवू नका. स्वयंपाकघराशेजारी पेट्रोल ठेवून वाचवायचं तरी काय?

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना डिझेल गाठतंच. भाजी, दूध, सिमेंट सगळं ट्रकवर येतं. एसटीचं भाडं जानेवारी २०२५ मध्ये जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. छोट्या गावात राहून आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागत असेल, तर हा खर्चही वहीत लिहा.

पण खरा खड्डा घरभाड्याचा. सरकारलाही ते ठाऊक आहे. केंद्राचे कर्मचारी एक्स, वाय, झेड अशा तीन प्रकारच्या शहरांत विभागलेले आहेत आणि २०२४ पासून त्यांना मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. मुंबई-पुणे एक्समध्ये, नागपूर-नाशिक-नांदेड वायमध्ये, परभणी झेडमध्ये. चाळीस हजार मूळ पगारावर पुणे आणि परभणीत महिना आठ हजारांचा फरक झाला. खासगी नोकरीत असा भत्ता कोणी आपणहून वाढवून देत नाही. तेव्हा पुण्याची ऑफर आली की पगाराच्या आकड्यातून भाडं, डिपॉझिटसाठी काढलेलं कर्ज, सोसायटीचा मेंटेनन्स वजा करा आणि उरलेल्याची आजच्या शिलकीशी तुलना करा.

पैशांच्या पलीकडचंही बघा, आणि तिथे याद्यांवर फार विसंबू नका. केंद्राच्या राहणीमान निर्देशांकात २०१८ मध्ये पुणे पहिलं आलं, २०२० च्या यादीत बंगळुरूच्या मागे दुसरं. त्याच पुण्याच्या कडेच्या कित्येक सोसायट्या टँकरचं पाणी विकत घेतात. उलट बाजूलाही भाबडेपणा नको. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडी जवळ असूनही नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा एजंटाला विचारू नका, तळमजल्यावरच्या बाईंना विचारा, ‘ताई, पाणी किती दिवसांआड येतं? मे महिन्यात काय करता?’

वय झालेल्यांनी दवाखान्याचं आधी बघावं. रात्री दोनला छातीत दुखलं तर अँजिओग्राफी होईल असं रुग्णालय किती अंतरावर आहे? परभणीला २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी गोष्ट. पण समुद्राच्या आवाजावर भाळून घेतलेल्या घरापासून असं रुग्णालय कदाचित दोन तासांवर असेल. शेजारी गाडीवाला आहे का, घाटात पावसाळ्यात रस्ता बंद होतो का, हेही तिथल्या दुकानदाराला विचारून घ्या.

एवढं करूनही मन होत असेल तर जा. मात्र जुनं घर लगेच विकू नका. ते भाड्याने द्या, नव्या गावात अकरा महिन्यांच्या करारावर राहा, आणि त्या अकरा महिन्यांत मे आणि जुलै दोन्ही येतील अशी तारीख धरा.