सिरियल पोर्ट म्हणजे चोरवाट नव्हे

मा. संपादक,

अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-वाचनयंत्राच्या अंतर्गत सिरियल पोर्टमधून शिरणे म्हणजे पुस्तकचोरी, हे आपल्या लेखातील विधान चुकीचे आहे. हा पोर्ट उत्पादकानेच चाचणी-दुरुस्तीसाठी बोर्डावर ठेवलेला असतो. त्यातून मालकाला मिळतो तो लिनक्सचा रूट प्रवेश. पुस्तकांवरचे डीआरएमचे कुलूप त्याने आपोआप उघडत नाही. सुरक्षेचा आक्षेपही टिकत नाही, कारण आवरण उघडून बारीक तारा सोल्डर कराव्या लागतात आणि पेपरव्हाइट ३ सारख्या मॉडेलला १.८ व्होल्टचाच अडॅप्टर लागतो. दुरून कोणाला हे जमणार नाही. दुरून हात घातला तो जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने, विकलेले ऑर्वेलचे ‘१९८४’ ग्राहकांच्या यंत्रांतून पुसून. पैसे परत दिले, पण विचारले नाही. आवरण उघडल्याने वॉरंटी जाण्याचा धोका खरा. तो पत्करायचा का, हे यंत्र विकत घेणाऱ्याने ठरवावे. ‘चोरी’ हा शब्द लेखकाने मागे घ्यावा.

– एक वाचक, पुणे