मीटरला वेळ कळते, बिलाला नाही

दुपारी वॉशिंग मशीन लावावे की लावू नये, या साध्या प्रश्नाला नाशिक आणि दुबई येथे परस्परविरुद्ध उत्तरे मिळतात. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू केली. दुबईचे वीज व पाणी प्राधिकरण, म्हणजेच ‘डीवा’, मात्र उन्हाळ्यात दुपारी १२ ते सायंकाळी ६ या वेळेत अधिक वीज लागणारी उपकरणे शक्यतो वापरू नयेत, असे आवाहन करते.

दोन्ही सल्ल्यांमागे सबळ कारणे आहेत. महाराष्ट्रात दिवसा सौरऊर्जा वाढली असून महागडी वीज सूर्यास्तानंतर लागते. दुबईत पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा वातानुकूलन यंत्रांची मागणी दुपारीच शिखर गाठते. या काही तासांसाठी उभारलेली वीजनिर्मितीची क्षमता हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर पडून राहते आणि तिचा खर्च मात्र वर्षभर चालू असतो. खरा फरक सल्ल्यात नाही, मोबदल्यात आहे. महाराष्ट्राने वेळेला किंमत लावली. अमिरातीतील घरांना अद्याप केवळ विनंती केली जाते.

दुबईत निवासी ग्राहकाला महिन्याच्या पहिल्या २,००० युनिटांसाठी प्रतियुनिट २३ फिल्स मोजावे लागतात. त्यापुढील टप्प्यांचे दर २८, ३२ आणि ३८ फिल्स आहेत. इंधन अधिभार वेगळा. अबुधाबीतील परदेशी रहिवाशांसाठी २६.८ आणि ३०.५ फिल्स असे दोन टप्पे आहेत. या रचनेत एकूण वापर घटवणाऱ्याला लाभ होतो. पण दुपारी तीनचे काम रात्री दहावर ढकलणाऱ्याच्या बिलात एका फिल्सचाही फरक पडत नाही. वेळेनुसार दर ही कल्पना अमिरातीला अपरिचित नाही. अबुधाबीत एक मेगावॉटहून अधिक मागणी असलेल्या उद्योगांना उन्हाळ्यात सकाळी १० ते रात्री १० या वेळेत जादा दर पडतो. घरांपर्यंत हे तत्त्व अजून पोहोचलेले नाही.

ते पोहोचल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायूटंचाईच्या सावटाखाली तेथील ग्रिड व्यवस्थापनाने मागणी घटवण्याची योजना आणली. ठरावीक तासांची पूर्वसूचना द्यायची, स्मार्ट मीटरच्या अर्ध्या तासाच्या नोंदींवरून आधीच्या दहा कामकाजाच्या दिवसांचा सरासरी वापर काढायचा आणि त्याहून जितका वापर कमी होईल तितक्याचे पैसे द्यायचे. चाचण्यांसाठी वीजपुरवठादारांना प्रतियुनिट किमान ३ पौंडांची हमी होती. त्यातील वाटा ग्राहकांना मिळाला. सुमारे १६ लाख घरे व आस्थापना सहभागी झाल्या आणि ३,३०० मेगावॉट-तासांहून अधिक मागणी कमी झाली.

अशा योजनांचे मर्मस्थान म्हणजे ती ‘सरासरी’. जे घर मुळातच काटकसरीने चालते, त्याला घटवण्यासारखे फारसे उरत नाही. उधळ्याला मात्र बक्षीस मिळते. अमिरातीत आणखी एक गुंता आहे. जुलैमध्ये कुटुंब सुट्टीसाठी भारतात गेले, की पहिले काही दिवस रिकामे घरही ‘बचत’ दाखवील.

दुसरा प्रश्न थंडाव्याच्या मालकीचा. दुबईतील अनेक उंच इमारतींना केंद्रीय शीतकरण कंपन्या थंड पाणी पुरवतात. अशा घरात थंडाव्याचा मोठा वीजभार घरगुती मीटरवर न दिसता शीतकरण केंद्राच्या मीटरवर पडतो. रात्री पाणी थंड करून मोठ्या टाक्यांत साठवायचे आणि दुपारी वापरायचे, ही सोय काही केंद्रांकडे आहे. वेळ बदलण्याची खरी ताकद तेथेच आहे. तेव्हा केवळ घरगुती विजेवर बक्षीस ठेवले, तर अशा सदनिकांतील रहिवाशांकडे वॉशिंग मशीन, इस्त्री आणि पाणी तापवण्याची टाकी एवढेच हाताशी उरते. स्वतःच्या मीटरवर वातानुकूलन असलेल्या व्हिलाचा मालक मात्र सकाळीच घर थंड करून दुपारी यंत्राचा भार कमी करू शकतो. त्यातही भिंतींचे उष्णतारोधन चांगले असेल तरच. आणि तो खर्च करणे भाडेकरूच्या हाती नसते.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ऑगस्टमधील दुपारचा थंडावा ही तान्ह्या बाळाच्या किंवा भारतातून आलेल्या वृद्ध आईवडिलांच्या प्रकृतीची गरज असते. म्हणून दुपारचा दर वाढवण्यापेक्षा वापर घटवणाऱ्याला सवलत देणे अधिक न्याय्य ठरेल. सहभाग ऐच्छिक राहिला, तर ज्याला शक्य नाही त्याला दंड बसत नाही. मात्र सवलतीचा पैसा कोठून येणार, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. वीजनिर्मितीची नवी क्षमता उभारण्याचा जो खर्च वाचेल, त्यातूनच तो आला पाहिजे. अन्यथा एकाची सवलत दुसऱ्याच्या बिलात चढेल.

दुबईच्या मोहम्मद बिन रशीद सौर उद्यानाची क्षमता वाढत जाईल, तसतशी तेथेही दुपारची वीज स्वस्त आणि सायंकाळची महाग होत जाण्याची शक्यता आहे. तेव्हा ‘१२ ते ६’ हा सल्ला कालबाह्य ठरू शकतो आणि दुबईतल्या लेकीचे व नाशिकच्या आईचे वॉशिंग मशीन पुन्हा एकाच वेळी चालू लागेल. आवाहनाची सवय मोडायला वर्षे लागतात. दराची वेळ एका आदेशाने बदलता येते. दुबईत घरोघरी स्मार्ट मीटर बसले आहेत. बिलाला घड्याळ जोडायचे की नाही, हा निर्णय आता तंत्रज्ञानाचा राहिलेला नसून धोरणाचा आहे.